बुडकीचा बर्फ

"फोन सांगतो तसा देतोय," असं म्हणत मोरेश्वरने आणखी एक लादी त्याच होडीत ढकलली. बर्फ फॅक्टरीतला हा आमचा एकमेव आज्ञाधारक माणूस. रेवदंड्याच्या धक्क्यावर सगळ्यांच्या वाट्याचा बर्फ एकाच होडीत चालला होता. बाकीचे नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, मला शोधत होते. मी सर्व्हरच्या मागे लपलो होतो.

मच्छीमार सोसायटीत मी एआय एजंट बसवला होता. हा नुसता गप्पा मारत नाही, कामं उरकतो. नाखव्याने फोनवर बर्फ मागायचा, एजंटने नंबर लावायचा, मोरेश्वरला कळवायचं आणि भोंग्यावर पुकारायचं. चेअरमन हरीदादांची एकच अट होती, सर्व्हर आपल्याच फॅक्टरीत पाहिजे. "कोनाची होडी कवा जाते ही घरची गोष्ट. भायेर जायाची न्हाय." याला आमच्या धंद्यात सेल्फ-होस्टेड म्हणतात.

चूक लगेच सापडली. एकाच गिऱ्हाइकाची नोंद दोनदा झाली तर ती एक करायची, असं मी एजंटला शिकवलं होतं. इथे निम्म्या होड्यांचं नाव 'आई एकवीरा'. त्याने सगळ्यांची मिळून एकच होडी केली.

"मग तुम्ही ओळखता कशा?" मी विचारलं.

"टोपननावानं. ती घोरकी, तिचं इंजिन घोरतं. ती तिरपी. पन माजी आई एकवीरा," हरीदादा म्हणाले.

प्रत्येक नाखव्याची हीच गत. टोपणनावं फक्त दुसऱ्यांच्या होड्यांना. शेवटी मी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या होडीचं नाव विचारलं. इतक्या आनंदाने मला आजवर कुणी डेटा दिलेला नाही.

नावं भरली, सिस्टीम पुन्हा चालू केली. आता चूक नको म्हणून मालकाने फोनवर हो म्हटल्याशिवाय बर्फ सोडायचा नाही, असाही नियम घातला. एकेक नाखवा पुटपुटत हो म्हणून बर्फ घेऊन गेला. हरीदादा तेवढे उरले. ओहोटी लागली होती. आणखी उशीर झाला असता तर होडी खाडीच्या तोंडाशी गाळात रुतली असती.

भोंगा बोलला, "आपण बुडकीचे मालक का? कृपया हो म्हणा."

हरीदादांची होडी एकदा धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली होती.

"माजी आई एकवीरा हाय!" ते फोनमध्ये ओरडले.

"या नावाच्या होड्या अनेक आहेत. आपण बुडकीचे का?"

मला दया आली. "दादा, मी आतून सोडतो बर्फ."

"आनि लोक काय बोलतील? चेअरमनला येगला कायदा?"

पाणी उतरत होतं. मोरेश्वर लादीवर हात ठेवून आज्ञेची वाट बघत होता.

"व्हय रं बाबा, व्हय! माजीच बुडकी! दे बर्फ!"

बर्फ सुटला, होडी वेळेत निघाली. मी एवढंच शिकलो की लोक खरी माहिती हमखास देतात, फक्त ती दुसऱ्याची असावी लागते.

मी निघताना हरीदादांनी मला जवळ बोलावलं. "बगितलंस? म्हनून बोललो व्हतो, सर्व्हर घरातच पायजे. हे गावाच्या भायेर गेलं असतं तर?"

भोंगा पार शेजारच्या चौल गावापर्यंत ऐकू जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही.