साठ ग्रॅम कमी

कवडूच्या हाताला दोन सवयी होत्या. गोंदियातल्या राइस मिलवाल्यांना त्यातली एकच ठाऊक होती. शाफ्ट झिजला, पुली डगमगली, की न्यायची कवडूच्या लेथवर. केसाएवढा फरकही त्याच्या बोटांना कळायचा. दुसरी सवय त्याच्या बायकोला, गीताबाईला ठाऊक. दोनदा तिचा हात मोडला आणि दोन्ही वेळा दवाखान्यात तिने एकच सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. लिहून घेणाऱ्याने मुकाट लिहून घेतलं. एवढं शेवाळ कुणाच्या न्हाणीत असतं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, चीड येते ती याची.

असल्या माणसाने जन्मात एक काम मायेने केलं. लेक दामिनी तेरा वर्षांची असताना गोळाफेकीत रमली, तेव्हा त्याने मिलचा जुना चार इंची शाफ्ट कापला आणि तिच्यासाठी चार किलोचा गोळा कातला. पुढे दर विश्वकर्मा पूजेला लेथ, पाने, कानशी धुऊनपुसून मांडल्या की गोळाही तो घासूनघासून आरशासारखा करायचा, कुंकू लावायचा. सहा वर्षं असे लाड चालले. लोखंड घासलं की झिजतं, हे जन्मभर लोखंड घासणाऱ्याला सुचलं नाही.

जिल्हा निवड चाचणीच्या सकाळी पंचाने तो गोळा काट्यावर ठेवला. तीन किलो नऊशे चाळीस.

"साठ ग्रॅम कम है. नहीं चलेगा."

कवडूने त्याची गचांडी धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. चौघांनी ओढून मैदानाबाहेर काढलं, तेव्हाही त्याच्या लाथा चालूच होत्या. पंच भला माणूस. रक्त थुंकत दामिनीला म्हणाला, "चार बजे तक वजन पूरा करके ला, बेटी. बाप को मत लाना."

मैदानावर दुसरे गोळे होते, पण मोठे, पोकळ. तिच्या बोटांत बसेनात. गोळा घेऊन कवडू आपल्या लेथच्या दुकानात आला. एकाच बाजूला शिसं भरलं तर गोळा कलतो, म्हणून समोरासमोर दोन भोकं पाडली. पहिलं भरलं. दुसऱ्यासाठी भट्टीवरच्या भांड्यात शिसं वितळत होतं, तेवढ्यात गीताबाई डबा घेऊन आली.

"निवड झाली तं का होते?" त्याने विचारलं.

"नागपूरले होस्टेल भेटते." ती थांबली, आणि इतकी वर्षं गिळलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "मीबी चालली तिच्यासंग. तिथं मेसमधे पोळ्या लाटाचं काम हाय."

कवडूने हातातली शिसं ओतायची तापलेली पळीच तिच्या गालावर हाणली. गीताबाई भिंतीवर आदळून खाली बसली. पदरात दोन दात पडले. तो गोळ्याकडे वळला. पोरगी जाईल, बाई जाईल, घरात आपण एकटे, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. भ्यायला होता, दुसरं काय! दुसऱ्या भोकात त्याने मुद्दाम अर्धंच शिसं ओतलं, वर लोखंडी बूच ठोकलं आणि कानस मारून सारखं केलं.

तीन वाजता दामिनी आली. त्यानेच शिकवल्याप्रमाणे तिने गोळा सपाट पत्र्यावर लोटला. गोळा डुलला आणि जड बाजू खाली करून थांबला.

"बाबा, कलून राहिला हा."

"चालते तेवढं."

"चालत नाही म्हून तुमीच सांगतलं होतं." तिने गोळा दुकानातल्या काट्यावर ठेवला. तीन किलो नऊशे पन्नास. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. आईचा गाल सोलला होता.

कवडूचा उजवा हात ऐरणीवर टेकलेला होता. दामिनीने गोळा खांद्यापर्यंत उचलला आणि त्या हातावर घातला. हाडं मोडल्याचा आवाज तिघांनी ऐकला. तो किंचाळत होता, तोवर तिने ड्रिलखाली धरून बूच काढलंही.

"शिसं कितीक गरम पायजे?"

हात पोटाशी धरून तो लेथला टेकून बसला होता. हात गेला, तरी अर्धवट काम त्याच्याने पाहवेना.

"शिशाले कागद लाव. कागद काळा पडला का वत."

भरलं, घासलं, तोललं. चार किलो चार ग्रॅम. पत्र्यावर ठेवला तिथेच गोळा राहिला. तिने आईला हात दिला.

"तू जाय," गीताबाई म्हणाली. "याले मी नेतो दवाखान्यात."

दवाखान्यात नंबर लागेस्तोवर पाच वाजले. डॉक्टरीणबाई कवडूची बोटं बघत होती, तेव्हा गीताबाईचा फोन वाजला. दामिनीचा मेसेज होता, बारा मीटर वीस. निवड झाली होती.

"हात कसा मोडला?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

कवडूने बायकोकडे पाहिलं. ती फोनकडेच बघत होती.

"न्हाणीत पाय घसरला," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईने लिहून घेतलं. मग गीताबाईच्या गालाकडे पाहिलं. "आणि तुम्ही? तुम्हीही घसरलात?"

"मी नाही घसरली, बाई," गीताबाई म्हणाली. "मले यानं मारलं. आजच नाही, याच्या आंधीबी मारलं. लिवा."