मोठा टोमॅटो

"जेवतायत ते. हळू बोला."

हे वाक्य सर ओठांवर बोट ठेवून म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने गोधडी सारखी करायचे. गोधडीखाली तान्हं बाळबीळ काही नसायचं. स्टीलचं एक पिंप असायचं. त्यात कोमट पाणी, भोपळ्याच्या वाटलेल्या बिया आणि चिमूटभर एन्झाइमची पावडर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हे दृश्य बघून मी मनात म्हटलं, झालं कल्याण, पहिलीच नोकरी आणि तीही वेड्याच्या हाताखाली.

मी मायक्रोबायॉलॉजीत एमेस्सी झाले होते. माझं तोंड तेव्हाही सैल होतं, आजही आहे. मी म्हटलं, "सर, एन्झाइम जिवंत नसतात. ते जेवत नाहीत."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सकाळी नऊ वाजता तुम्ही तरी कुठे जिवंत दिसताय? पण हजेरी लागलीच ना तुमची?"

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी त्यांची 'एमेस्सी' झाले. "अहो एमेस्सी, तापमान बघा. पन्नासच्या वर गेलं तर तुमची डिग्री परत घेईन."

कारखाना नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढे होता. टोमॅटो सॉसचा. मी कोथरूडहून कंपनीच्या बसने जायचे, आणि कोथरूडमध्ये तेव्हा दर दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथे जाऊन बसल्या होत्या. आई रोज डबा भरताना ऐकवायची, "समोरची अमेरिकेला निघाली. आणि तू? भोपळे चिरतेस." चिरत मी नव्हते, पण तिला समजावणार कोण.

तुम्ही म्हणाल, टोमॅटो सॉसच्या कारखान्यात भोपळे कशाला? मीही असंच भाबडेपणाने विचारलं होतं. मार्केट यार्डातून रोज दोन ट्रक यायचे. एकात टोमॅटो, दुसऱ्यात लाल भोपळे. भोपळ्यांचा ट्रक कायम जास्त भरलेला असायचा. गेटवरचा वॉचमन त्यांना गंभीर चेहऱ्याने 'मोठा टोमॅटो' म्हणायचा. मालकांची तशी सूचना होती. या मालकांना आधी सगळे शेठ म्हणायचे. मग देशात उदारीकरण आलं, त्यांनी गळ्यात टाय बांधला आणि कारखान्यात फर्मान निघालं, की यापुढे एमडी म्हणायचं. टाय त्यांना फास लावल्यासारखा दिसायचा, पण एमडी म्हटलं की चेहरा खुलायचा.

तर या मोठ्या टोमॅटोच्या बिया कारखान्यामागे ढिगाने पडून कुजायच्या. सगळ्यांना त्यात घाण दिसायची, सरांना तेल दिसायचं. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, "बीमध्ये तेल खोल्याखोल्यांतून कोंडलेलं असतं, एमेस्सी. एन्झाइम त्या खोल्यांच्या भिंती खातात. भिंत पडली की तेल आपणहून बाहेर. साधं पाणी पुरतं. पेंडही स्वच्छ राहते, गुराला घाला."

एमडींना एवढं थांबायला वेळ नव्हता. त्यांना हेक्झेन हवं होतं. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ. बियांवरून सोडायचं, ते तेल धुऊन काढतं, मग ते उडवून लावायचं की तेल उरतं. सगळं जग तसंच करतं, आणि खरं सांगायचं तर तेलही जास्त निघतं. त्यासाठी एमडींनी शेडचं जोतं बांधूनही ठेवलं होतं. कुठे? तर भोपळे चिरून बिया काढणाऱ्या बायकांच्या शेडला अगदी लागून. मध्ये हातभर जागा.

त्या बायका आठजणी होत्या. त्यांच्या म्होरक्या कौसल्याबाई, वाघोलीच्याच. सर रोज दुपारी त्या जोत्याकडे बघत डबा खायचे. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "सर, जोत्याला नजर लागेल."

"लागू दे," ते म्हणाले. मग बराच वेळ भाजीतले मिरचीचे तुकडे बाजूला काढत बसले. "मी आधी हेक्झेनच्याच प्लांटवर होतो. मी आणि माझा एक मित्र, एकाच शिफ्टला. एका डब्यात जेवायचो. त्या दिवशी मी माझं आटपून ताट धुवायला बाहेर गेलो. आत वास साठला होता, आम्हाला सवयीने कळलाही नाही. त्याला उकडत होतं. त्याने काडी पेटवली नाही, विडी पेटवली नाही. नुसता पंखा लावला, एमेस्सी. बटण दाबलं. बटणातली तेवढी ठिणगी पुरली."

मला न बोलता बसता येतं हे मलाच त्या दिवशी कळलं.

"त्याचं जेवण अर्धं राहिलं," सर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर मी एन्झाइम जिवंत नसतात हा मुद्दा पुन्हा काढला नाही. ते जेवत असले की मीही हळू बोलायला लागले.

दिवाळीनंतर परदेशी भागीदार कारखाना बघायला येणार होता. त्याचा पैसा आला की तेलाचा विभाग उभा राहणार. एमडींनी सरांना स्पष्ट सांगितलं, "तोपर्यंत तुमच्या पाण्यातून तेल दाखवा. दाखवलंत तर तुमचा प्लांट. नाहीतर जोत्यावर हेक्झेन. भावना वगैरे मला सांगू नका."

आणि आमचं तेल काही निघेना. म्हणजे भिंती पडायच्या, तेल सुटायचं, पण पाण्याशी असं गळ्यात गळा घालून बसायचं की वर नुसता पांढरट साईसारखा थर. यंत्रात गरगर फिरवला, तरी साय ती सायच. सरांनी मीठ घालून पाहिलं. मी शिव्या घालून पाहिल्या. महिना गेला, दसरा गेला. सर दिवसेंदिवस वाळत चालले आणि मी त्यांच्यावर उगाच ओरडायला लागले, कारण दुसऱ्या कोणावर ओरडायची सोय नव्हती.

एक दिवस कौसल्याबाई दारात पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. सायीच्या बरणीकडे बघून म्हणाल्या, "लोनी हाय व्हय?"

"तेल आहे," मी खेकसले. "निघत नाहीये."

"मंग ऊन पान्यात ठिवून, ग्वाड बोलून निघंल व्हय? बरफ दाखवा की त्येला. आमी लोनी येईना झालं की गार पानी घालतो. नायतर आख्खा दिस घुसळत बसा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प. त्यांनी बरणी उचलली आणि थेट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी तो दगड बाहेर काढून कोमट पाण्यात ठेवला. बर्फ विरघळला, यंत्रात एकदा फिरवलं, आणि वर बोटभर तेल! गर्द हिरवं, उजेडात धरलं की तांबूस. वास भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. मी नाचायचीच बाकी होते.

सरांनी पहिलं तेल वाटीत घेतलं आणि आधी कौसल्याबाईंपुढे धरलं. "अहो बाई, कुठल्या कॉलेजात शिकलात हे?"

"कालिजात कशाला जायाचं? म्हस हाय ना घरी," त्या म्हणाल्या.

पाहुणा यायच्या आदल्या दिवशी एमडींनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मीही सोबत होते. "तेल झकास आहे. फक्त पाहुण्यांना टोमॅटोच्या बियांचं म्हणून सांगायचं. आपण टोमॅटोवाले आहोत. भोपळा हा शब्द कारखान्यात निघता कामा नये."

मला वाटलं, आता सर काहीतरी कुजकं बोलणार. पण त्यांनी खिडकीतून जोत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायची तालीम कशी करतो, हे मी त्या संध्याकाळी बसमध्ये पाहिलं. वाघोलीपासून नळस्टॉपपर्यंत सर पुटपुटत होते, "धिस इज टोमॅटो सीड ऑइल. टोमॅटो सीड." समोरची बाई घाबरून जागा बदलून बसली.

पाहुणा ऑस्ट्रियाचा निघाला. साठीचा, लालबुंद, हसरा. टेबलावर मधोमध आमच्या सॉसची बाटली, शेजारी पावाचे तुकडे आणि बशीत तेल. सर नव्या शर्टात. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी बिनचूक म्हणाले, "धिस इज टोमॅटो सीड ऑइल." एमडींनी मान डोलावली.

पाहुण्याने तेल पावाला लावलं आणि तोंडात टाकलं. तो चावायचा थांबला. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, बाधलं की काय! डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. तो म्हणाला, हे तर आमच्या गावचं तेल. मी लहानपणापासून हेच खातोय. पण तिकडे बिया भाजून, दाबून काढतात. पाण्यातून इतकं स्वच्छ काढलेलं मी प्रथमच पाहतोय. मग तो सरांकडे वळला. हे भोपळ्याचं आहे ना?

एवढ्या खटपटीनंतर सरांच्या तेलाला ओळखणारा हा पहिला माणूस. मी सरांचा चेहरा पाहिला आणि मला कळून चुकलं, गेलं सगळं. दिवाळीतल्या पणतीसारखा उजळला होता तो. तालीम, जोतं, एमडी, सगळं विसरून सर उभे राहिले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "येस! येस! पम्पकिन!"

आणि मग तो सज्जन माणूस, अगदी साध्या कुतूहलाने, विचारता झाला. एवढ्या बिया मिळतात, मग बाकीचा भोपळा कुठे जातो?

सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या सॉसच्या बाटलीकडे गेल्या. पाहुण्याचीही गेली. एमडींनी टाय सैल केला. मला हसू असं फुटलं की मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले आणि भिंतीला टेकून हसता हसता रडायला लागले.

पाहुण्याने जाताना तेलाची बाटली मागून घेतली. सॉसची तिथेच ठेवली. भागीदारी बारगळली. सरांचा प्लांट गेला, आणि पैसाच नाही म्हटल्यावर हेक्झेनही गेलं. एमडींनी सरांना दुसऱ्याच दिवशी निरोप दिला.

मी त्यानंतर दोन महिन्यांत कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. आईने पेढे वाटले. पुढची वीस वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, आणि एकही चूक मला सरांच्या त्या 'येस'इतकी आवडली नाही. कारखाना बंद पडला, आता तिथे बारा मजली सोसायट्या आहेत. सर दर दिवाळीला औषधाच्या बाटलीतून तेल पाठवायचे, वर चिठ्ठी, 'मोठा टोमॅटो'. गेल्या चार दिवाळ्या बाटली आलेली नाही. सर गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, काय करायचं ते करा म्हटलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्यांचा कारखान्यातला शेवटचा दिवस. सर सामान न्यायला आले होते. सामान म्हणजे गोधडी. मी एमडींना खाली मान घालून तडातडा बोलत होते, म्हणजे एमडी तिथे नव्हते, पण बोलत होते. "असा कसा हा माणूस! नालायक! तुम्हाला काही म्हणजे काही वाटत नाही का, सर?"

सर मागच्या दाराशी थांबले होते. हेक्झेनसाठी बांधलेल्या त्या जोत्यावर सावली आली होती. कौसल्याबाई आणि सातजणी तिथे गोल करून बसल्या होत्या, मध्ये भाकरीची चवड, ठेच्याची वाटी इकडून तिकडे फिरत होती.

सरांनी गोधडी काखेत मारली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"जेवतायत त्या, एमेस्सी. हळू बोला."