पाळीवरची देवी आणि काकूंचा धान

गेल्या रविवारी केशोरीच्या पुढे एका लहानशा गावात गेले होते... सुषमाच्या माहेरी. सुषमा माझी ऑफिसातली मैत्रीण. नवरात्रात आमच्या तलावावरच्या देवीला चल, असा तिचा आग्रह होता.

मी मूळची साताऱ्याची. बदलीमुळे गोंदियात आले, तेव्हा इथे बघण्यासारखं काय असणार असंच वाटायचं. इतिहास म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर किल्लेच यायचे... बुरूज, तटबंदी, दरवाजे.

तो तलाव बघितला आणि किल्ले विसरलेच. लांबच लांब मातीची पाळ, तिच्यावर मोहाची जुनी झाडं आणि काठोकाठ पाणी. सुषमाच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी गावाला सोबत घेऊन तो कित्येक पिढ्यांपूर्वी बांधला. कुठे शिलालेख नाही की कुणाचं नाव नाही... झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तीच पाळीवरची देवी.

सुषमाची आई, म्हणजे काकू, दरवर्षी नव्या धानाची पहिली लोंबी या देवीला वाहतात. देवीपाशी डोकं टेकवताना त्या काहीतरी पुटपुटल्या. काय मागितलं असं विचारलं, तर हसून म्हणाल्या, "मांगायचं काय बाई? पाळ सांभाळ म्हनलं."

आदल्या दोन दिवसांत अवेळी पाऊस कोसळून गेला होता. आम्ही परत निघालो तेवढ्यात पाळीच्या पायथ्याशी भाऊराव ओरडायला लागले. पाणी कुणाला कधी सोडायचं ते गावाच्या वतीने हेच बघतात. पायथ्यातून पाण्याची धार येत होती... आणि ती लाल, गढूळ होती.

थोडंफार नितळ पाणी नेहमीच झिरपतं म्हणे. गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. पाळ फुटली तर खाली गावाचा सगळा धान, आणि त्याच्या पलीकडे घरं.

बघता बघता माणसं जमली. पोत्यांत माती भरून धारेभोवती रचायला सुरुवात झाली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं... तलावाचं पाणी उतरवायला हवं होतं. त्यासाठी तुडुम उघडायचं, म्हणजे पाणी सोडायचं दगडी दार.

आणि तिथेच सगळे थबकले. एकमेकांकडे बघायला लागले. मला काहीच कळेना.

"काऊन थांबून राहिले?" काकूंनी विचारलं.

भाऊरावांनी मान खाली घातली. "काकू, पाट गवतानं भरला आहे. पानी सोडलं का पयले तुमच्याच बांधीत घुसन... तुमचा धान कापून पडला आहे ना."

खरंच, समोर काकूंचं शेत होतं. कापलेल्या धानाच्या ओळी वाळत पडल्या होत्या, वर्षभराचं पीक. काका गेल्यापासून हे शेत काकू एकट्या करतात. सुषमाने माझा हात घट्ट धरला.

काकू क्षणभर शेताकडे बघत राहिल्या. मग देवीकडे बघून त्यांनी हात जोडले.

"माह्या बांधीसाठी पूरं गाव बुडवता का? उघडा."

भाऊराव तुडुमाकडे वळले, आणि त्याच वेळी खालून एक बाई साडी खोचून पळत आली. रमाबाई. त्यांच्या घरी देवी नाही, बुद्धाची मूर्ती आहे. स्वतःची जमीनही नाही. "भाऊराव, जरासा दम धरा!" असं ओरडत त्या सरळ काकूंच्या शेतात घुसल्या आणि दोन्ही हातांनी धान गोळा करायला लागल्या.

मग काय... सगळ्या बायका त्यांच्यामागे धावल्या. पूजेला नवी साडी नेसून आलेल्यासुद्धा. सुषमा आणि मीही उतरलो. एकमेकींच्या हाती देत धानाचे भारे उंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन टाकत होतो. धानाचं पातं हाताला करवतीसारखं लागतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

वरून भाऊरावांची हाक आली, "आता नाई थांबता येत!" आणि पाणी आलं. पावलं बुडाली, मग पोटऱ्या. शेवटच्या ओळी आमच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेल्या. तिकडे अजून वाकलेल्या रमाबाईंना काकूंनीच दंडाला धरून बाहेर ओढलं... "राहू दे आता, तू निघ पयले."

दुपार कलली तेव्हा भाऊरावांनी धारेचं पाणी ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवलं. नितळ! कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं होती तिथेच मातीत बसली. काकू मात्र धुऱ्यावरच्या ढिगापाशी गेल्या आणि पहिल्यांदाच रडल्या... रमाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बराच धान वाचला, काही गेला. काकूंनी सुक्या भाऱ्यातली आणखी एक लोंबी देवीला वाहिली. रमाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, कुणी जोडायला सांगितलंही नाही. दोघींची श्रद्धा वेगळी, पण पाळ दोघींची.

तलाव पूर्वजांनी बांधला असं आपण सहज म्हणून जातो. मला तर त्या दिवशी तो बांधला जाताना बघायला मिळाला.

येत्या रविवारी पाळीवर नवी माती टाकायला गाव जमणार आहे. "तुह्यासाठी घमेलं काढून ठेवीन," असं काकूंनी फोनवर सांगितलंय... कुणी आपलं म्हटल्याचं एवढं सुख मला या परक्या मुलखात पहिल्यांदाच मिळालं.