ठसका आला होता

ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच निघाली नाही. नवरा गेला, त्यालाही कळली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही — घरच्यांवर माझा कधी विश्वासच नव्हता.

त्यातही थोरल्या जावेवर. सरूबाई तिचं नाव, तिला मूलबाळ नव्हतं. माझी गंगू दीड वर्षाची. सरूबाई तिला सारखी कडेवर घ्यायची, मुके घ्यायची. त्यात वाईट काय? मला मात्र त्यात वाईटच दिसायचं. पोर दूध प्यायली नाही की मी आधी आठवायची — आज जाऊ हिच्याकडे किती वेळ बघत बसली होती?

कापूस वेचणीच्या दिवसांत गंगूला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, श्वासासरशी बरगड्यांखाली खड्डा पडायचा. सरूबाई म्हणाली, "अवं, काऊन थांबून राह्यली? पोरीचं पोट उडून राह्यलं. मेहकरच्या दवाखान्यात ने तिले." जानेफळाहून मेहकर म्हणजे बैलगाडीनं अर्धा दिवस. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात, डॉक्टरही तिकडचाच, अनोळखी. मला वाटलं, हिला एवढी घाई का? घरीच थांबलं तर स्वतःची नजर उघडी पडेल म्हणून?

आमच्या सासूबाईंचा एक नेम होता. लेकरू आजारी पडलं की आधी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ठसका आला तर आजार खरा, गाडी जुंपायची. नाही आला तर नजर — मग दवाखाना नको, तीन दिवस नजर उतरवायची.

सगळे वावरात गेले होते. मी एकटीनंच मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या आणि — कसं सांगू? — ठसका आला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आला. गंगूसुद्धा खोकली. मला त्या मिरच्यांचाही संशय आला, राग आला. मी मागचं दार उघडलं आणि सुपानं धूर बाहेर घालवला.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "ठसका आला काय व?"

"नाही आला, आत्याबाई."

सगळ्यांनी सरूबाईकडे पाहिलं. मला तेच हवं होतं. नवऱ्यानं गाडी जुंपली नाही. सरूबाई रडत म्हणाली, "माही नजर असंन त असो, पन पोरीले दवाखान्यात न्या." तिचं कोण ऐकणार? तिसऱ्या दिवशी दुपारी गंगू माझ्या मांडीवरच गेली.

मला कळत नव्हतं असं नाही. माझाच घसा अजून जळत होता. पोर मला हवी होती, जिवापाड हवी होती — पण त्या दोन दिवसांत जाऊ गुन्हेगार ठरायला त्याहून जास्त हवी होती.

पुढे मला दोन मुलगे झाले. सरूबाईनं त्यांना कधी हात लावला नाही. पाळण्याजवळून जाताना ती डोळ्यांवर पदर ओढायची. एकदा धाकटा तिच्यासमोर ओट्यावरून पडला; तिनं त्याला उचललं नाही, मला हाका मारत राहिली. गंगू आपल्याच नजरेनं गेली, असं ती मरेपर्यंत मानत होती.

मी तिला तसं मानू दिलं.