आपण कधी जेवणार?

माधवनगरच्या वृद्धाश्रमातले ते दिवस मला सलग आठवतच नाहीत. थंडी होती, उसाचा हंगाम होता, आणि दुपारच्या वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोडसर धूर यायचा, त्यानं डोळे आपोआप जड व्हायचे. एवढं नक्की. बाकी सगळं नुकत्याच मोडलेल्या झोपेतल्यासारखं. दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरी, आणि त्या हातानं बाजूला सारत माझ्याकडे येणारी एक उंच, सावळी मुलगी. हातात मी दिलेलं पहिलीचं पुस्तक.

मुलगी मादागास्करची. आश्रम चालवणाऱ्या ख्रिस्ती सिस्टरांच्या संघात ती नुकतीच दाखल झाली होती आणि प्रशिक्षणासाठी समुद्र ओलांडून थेट सांगलीला येऊन पडली होती. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. घरी बसून नवऱ्याच्या बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका काढायच्या, एवढाच उद्योग उरला होता. म्हणून मोठ्या सिस्टरांनी ‘हिला मराठी शिकवाल का?’ असं विचारलं तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हणाले. आमच्या घरी त्याचा सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला हे सांगायला नको.

आम्ही चिंचेखाली बसायचो. ती शब्द म्हणायची, मी दुरुस्त करायची. ‘ळ’ तिच्या तोंडात विरघळायचा. मध्येच ती गप्प होऊन रस्त्याकडे बघत राहायची, उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांकडे. त्यांची वशिंडं बघून तिचे डोळे चमकायचे. तिच्या गावीही बैलांना अशीच वशिंडं असतात, हे तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजीही तितकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरांचं वाईला काही काम निघालं आणि त्यांनी आम्हा दोघींनाही गाडीत घातलं. काम लवकर आटोपलं तसं आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्यानं थोडं वर गेलो. एका वळणावर तिच्या गावासारखी लाल माती लागली आणि पोरीनं गाडी थांबवायला लावली. उतरली, चपला काढल्या आणि नुसती उभी राहिली. दरीतून धुकं वर येत होतं, ती त्यात अर्धीच दिसत होती. परतताना वाईच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो, तेव्हा तिनं विचारलं, “बाई, ही नदी कुठं जाते?” मी म्हटलं, “सांगलीला.” तिला ते खरंच वाटेना. मग तिनं एक पान पाण्यात सोडलं आणि दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या दुपारी मलाही वाटलं, आपण कुठून आलो, कुठं चाललो, कशाचीच घाई नाही.

घाई होती ती मोठ्या सिस्टरांना. त्या केरळच्या, पण इतकी वर्षं इथं राहिलेल्या की रागावल्या तर अस्सल सांगलीच्या वाटायच्या. गाडीत बसता बसता त्यांनी मला बाजूला घेतलं. “पोरगी गुणी आहे हो. पण वॉर्डात गेली की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हाताऱ्या माणसांशी जमलं नाही, तर महिनाअखेरीला मला तिला आमच्या संघाच्या दक्षिणेतल्या मुख्य मठात पाठवावं लागेल. तिथं ऑफिसचं काम आहे, इंग्रजीवर भागतं.”

हे तिलाही माहीत होतं; म्हणून तिनं बॅगेतले कपडे अजून कपाटात लावलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली तिनं पुस्तक उघडलंच नाही. “बाई, मला इथंच राहायचंय,” एवढं म्हणाली.

अडचण मला दिसत होती. मी शिकवत होते पुस्तकातलं, आणि वॉर्डात सगळं ‘हाय’ नि ‘न्हाई’, ‘कवा’ नि ‘तवा’. त्यात खिडकीजवळच्या पलंगावरच्या आजी म्हणजे कहरच. साताऱ्याकडच्या एका मोठ्या शेतकरी घरातल्या. एक मुलगा फौजेत, दुसरा पुण्यात, घराला कुलूप. आल्यापासून त्यांनी जेवण जवळजवळ टाकलंच होतं. ताट आलं की भिंतीकडे तोंड. कुणी घास पुढं केला की हात झटकायच्या. आणि मोठ्या सिस्टरांनी पोरीला नेमलं ते नेमकं त्यांच्याच पलंगावर.

मी मग माझ्या परीनं तिची तयारी करून घेतली. मोठ्यांना ‘तू’ म्हणायचं नाही, ‘तुम्ही’ म्हणायचं, आणि फारच मान द्यायचा असेल तर ‘आपण’. मला स्वतःला हा ‘आपण’ फार आवडतो. आता तो निमंत्रणपत्रिकांत आणि सरकारी पत्रांतच उरलाय. आपण कशा आहात? आपण कधी जेवणार? तिनं ही वाक्यं इतकी घोकली की चादरी वाळत घालतानाही ओठ हलत असायचे.

त्या दुपारी मी वॉर्डाच्या दाराशीच उभी राहिले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाकीचे पलंग पेंगत होते. पोरगी ताट घेऊन आजींपाशी गेली, अदबीनं वाकली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “आजी, आपण कधी जेवणार?”

आजींनी मान वळवली. तिच्याकडे टक लावून बघितलं.

“आपण? तू न् मी?”

पोरीला ते कळलं नाही. पण प्रश्नाला होकार द्यावा एवढं तिला सुचलं. तिनं मान डोलावली.

“मग बस की, पोरी! उभी काय ऱ्हायलीस? लय दिसांनी कुनीतरी इचारलं बघ. हितं समदी मला भरवाय येत्यात. जेवाय कुनी येत न्हाई.” आजी उठून बसल्या. ताटातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. “खा. वाळलीस किती!”

मी कपाळाला हात लावायचीही विसरले. आयुष्यभर शिकवलेलं माझं आदरार्थी बहुवचन त्या पलंगावर चोळामोळा होऊन पडलं होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! पोरगी पलंगाच्या कडेला टेकली. आमटीत बुडवलेला घास खाताना तिला ठसका लागला. आजी हसल्या, तिला पाणी दिलं आणि मग स्वतः खायला लागल्या. घास, मग आणखी एक घास.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. माझं धाबं दणाणलं. प्रशिक्षणातल्या मुलींनी सिस्टरांच्या जेवणघरातच जेवायचं, वॉर्डात काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा कडक नियम, आणि पोरीच्या हातात तर आजींच्याच ताटातली भाकरी. ती घाबरून उठायला लागली. आजींनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“आवं सिस्टर,” त्या म्हणाल्या, “आमी जेवतोय. तुमी मागनं या.”

आमी. त्यात सिस्टर नव्हत्या आणि दाराशी उभी असलेली मीही नव्हते. खोटं कशाला सांगू, मला जरासं लागलंच. पोरीनं मात्र भाकरी हातात तशीच धरली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिच्या भाषेतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखे दोन शब्द आहेत, एक समोरच्याला धरून आणि एक वगळून. हे तिनं मला नंतर सांगितलं. म्हणून इतक्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एक शब्द तिला समजावून द्यावा लागला नव्हता.

मोठ्या सिस्टरांनी आजींच्या अर्ध्या संपलेल्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “बरं, येते मागनं.” बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “बाई, तिला म्हणावं, बॅग रिकामी कर आणि कपडे कपाटात लाव.”