नळ आलाय, भरून घ्या

माझ्या पदवीचं सगळ्यात मोठं देणं कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी पाळकीणबाईंचं नाव सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला मीच. वडिलांनी माकणी गावचं शेत सांभाळून मला शिकवलं, आईनं एसटीच्या ड्रायव्हरजवळ भाकरीचे डबे दिले, त्यांचं देणं तर आहेच. पण शेवटच्या वर्षी धाराशिवच्या त्या गल्लीत माझा निभाव लागला तो या बाईंमुळं. त्यांचा स्वतःचा मात्र तिथं निभाव लागला नाही.

पाळकीणबाई हे काही नाव नव्हे. त्यांचे यजमान ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून त्या पाळकीणबाई. गल्लीनं यजमानांना ‘फादर’ ठरवलं होतं. ते बिचारे सांगायचे, ‘‘मी फादर नाही हो, मला बायको आहे.’’ त्यावर गल्लीनं बाईंना ‘फादरीण’ करून टाकलं. मी मावशी म्हणायचो.

दारात कुणी आलं की त्यांचा हात आधी तांब्याकडं जायचा. माणूस भांडायला आलेला असो की पत्ता विचारायला, भरलेला पेला त्याच्यापुढं. ‘‘आधी पाणी, मग बोलणं.’’ गल्लीतल्या कुणीही तो पेला कधी हातात घेतला नाही. तरी पुढच्या वेळी पेला पुढं यायचाच.

आमची गल्ली तुम्ही पाहिली नसेल, पण अशा गल्ल्या पाहिल्या असतील. समोरासमोर दारं, कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. वाईट माणसांची गल्ली नव्हती ती. मला ताप आला तेव्हा समोरच्या आक्कांनी चार दिवस पेज पाठवली होती. पण एखाद्याशी वागायचं नाही असं गल्लीनं एकदा ठरवलं, की मग तिथली पोरंसुद्धा त्या घरावरून जाताना पलीकडच्या कडेनं जायची.

मी अप्पांच्या घरात वरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. अप्पांचं बाजारात खताचं दुकान. त्यांनी खालचा भाग पाळकांना अकरा महिन्यांच्या करारानं दिला. ती मंडळी जालन्याकडची. नवराबायको आणि तिसरीतली मुलगी. टेम्पोतून सामान उतरलं, त्यात एक हार्मोनियम आणि एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची उंच चळत होती. आक्का आपल्या पायरीवर बसून बघत होत्या.

‘‘एवढ्या खुर्च्या कशाला हो? मंडपाचं काम करता व्हय?’’

‘‘नाही आक्का. रविवारी घरी उपासना असते.’’

‘‘कुणाची?’’

‘‘येशू ख्रिस्ताची. आम्ही इथं त्याच सेवेसाठी आलोय.’’ आणि मावशींनी टेम्पोतल्या पिशवीतून तांब्या काढला. ‘‘पाणी घेता?’’

आक्का उठल्या आणि आत गेल्या. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

संध्याकाळी पाळकसाहेब म्हणाले, ‘‘नोकरीनिमित्त आलो म्हणाली असतीस तर चाललं असतं.’’

‘‘चार दिवस चाललं असतं. पाचव्या दिवशी खुर्च्या दिसल्याच असत्या.’’

आता नळाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्याला वेळ नव्हती. म्हणून गल्लीची जुनी रीत होती. ज्याला नळ आल्याचं आधी कळेल त्यानं सगळ्यांची दारं वाजवत जायचं. भांडणं असली तरी वाजवायचं. दोन सख्खे भाऊ वाटणीवरून बोलत नव्हते, तेही एकमेकांच्या दारावर थाप मारून पुढं जायचे.

मावशींच्या दारावर थाप पडली नाही. पहिल्या वेळी त्या उठून बाहेर आल्या तेव्हा गल्ली ओली होती आणि नळ कोरडा. दुसऱ्या वेळीही तेच. माझा नळ आणि त्यांचा नळ एकच, त्यामुळं माझंही पाण्याचं टिपाड रिकामं राहिलं. मी आक्कांच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘तुझ्यासाठी वाजवलं असतं रे. पण दार त्यांचं लागतंय की आधी.’’

टँकरवाला त्यांच्या दारात थांबेना. पाळकसाहेब सायकलवर कॅन बांधून कुठून कुठून पाणी आणायचे. मग मावशींनी नळाची तोटी कायमची उघडी ठेवली आणि खाली तेलाचा रिकामा डबा पालथा घातला. पाण्याआधी नळातून वारा सुटतो. त्या वाऱ्याबरोबर पहिले थेंब डब्यावर पडले की तडतड वाजायचं. तेव्हापासून नळ आल्याचं गल्लीत सगळ्यात आधी त्यांनाच कळायला लागलं.

आणि त्या दारं वाजवत निघाल्या.

‘‘कोण हाय?’’

‘‘नळ आलाय, भरून घ्या.’’

त्या पुढच्या दाराशी गेल्या की मागचं दार बोटभर उघडायचं आणि पाइप बाहेर यायचा. ऐकलं नव्हतं कुणीच, भरत होते सगळे.

मी म्हणालो, ‘‘मावशी, ते तुम्हाला सांगत नाहीत. तुम्ही कशाला सांगता?’’

‘‘मला कळलंय ना. कळून गप्प कसं बसायचं?’’ मग म्हणाल्या, ‘‘आणि खरं सांगू का बाळा, आक्कांचं दार मी थोडं जोरातच वाजवते.’’

उन्हाळ्यात माझा पत्रा तापायचा. अंगाखालची सतरंजी भिजायची, पुस्तकाची पानं हाताला चिकटायची. मावशींनी मला खालच्या खोलीत, त्या खुर्च्यांच्या चळतीशेजारी अभ्यासाला बसवलं. स्वतः तुरीची डाळ निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, ‘‘पाठ करू नकोस. मला समजावून सांग.’’ मी सांगायचो. त्या हात थांबवायच्या. ‘‘नाही समजलं. परत सांग.’’ त्यांना खरंच समजायचं नाही की त्या तसं दाखवायच्या, हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना मात्र मला समजलेलं असायचं.

लोक विचारतात, तुला त्यांच्या धर्माचं सांगितलं का? मीच एकदा विषय काढला होता. त्यांनी विचारलं, ‘‘पेपर कधी आहे?’’ म्हटलं, मंगळवारी. ‘‘मग मंगळवारपर्यंत अर्थशास्त्र.’’ नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. त्यांनी ओढलं नाही, मी गेलो नाही. त्यांच्या ताटात मात्र रोज जेवलो.

ही बातमी माकणीला पोचली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, भर उन्हात आले, खांद्यावर ज्वारीचं पोतं. मावशी पेला घेऊन दारात.

‘‘आधी पाणी घ्या भाऊ.’’

‘‘नको. ष्ट्यांडवर पिऊन आलूय.’’

ओठ कोरडे पडले होते त्यांचे. ते वर आले, पोतं टेकवलं आणि माझ्या टिपाडातून एकामागून एक दोन तांबे घटाघटा प्यायले. तोंड पुसत म्हणाले, ‘‘त्यांच्यात जेवतूस म्हणं. खोली बदल.’’ ते टिपाड आदल्या दिवशी, मी कॉलेजात असताना, मावशींनीच घागरी वर वाहून भरलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. खोलीही बदलली नाही.

तोवर रविवारी उपासना सुरू झाली की आक्कांचा मुलगा दारात मोठ्ठा स्पीकर लावायला लागला होता. मुलीच्या चपला एकदा गटारीत सापडल्या. आणि मग पोलीस ठाण्यात अर्ज गेला. सदर महिला घरोघरी जाते, दारं वाजवते, धर्मांतराचा प्रचार करते. मलाही बोलावणं आलं, घरातला भाडेकरू म्हणून.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला. आक्कांच्या मुलाकडं बघून विचारलं, ‘‘दार वाजवून काय म्हणतात या?’’

त्यानं मागं वळून बघितलं. मागं उभी गल्लीची पाच-सहा माणसं खाली बघायला लागली.

‘‘अरे, काय म्हणतात?’’

‘‘नळ आलाय म्हणती साहेब.’’

‘‘आणि?’’

‘‘भरून घ्या म्हणती.’’

‘‘मग येतो का नळ?’’

‘‘येतो की.’’

साहेबांनी चष्मा काढला. ‘‘मग तक्रार काय आहे?’’

‘‘आता नळाचं म्हणती साहेब. दाराची सवय लागली की पुढं काय म्हणंल, काय सांगावं?’’

मला विचारलं, मी जे होतं ते सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. ठाण्यात एकच जार आणि एकच स्टीलचा ग्लास. मावशींनी तो रिकामा केला, शिपायानं तोच पुन्हा भरून आक्कांच्या मुलाच्या हातात दिला आणि तो प्यायला. त्याच्या ध्यानात आलं नाही. मावशींच्या आलं. रिक्षात त्या हसत म्हणाल्या, ‘‘शेवटी ठाण्यात का होईना, एकत्र प्यायलो.’’

हसणं तेवढंच. गुन्हा काही नोंदला गेला नाही, पण साहेबांनी अप्पांना बाजूला घेऊन गल्लीत शांतता राहू द्या असं सांगितलं, आणि अप्पांना जे समजायचं ते समजलं. ते दारात येऊन उभे राहिले. मावशींनी पेला पुढं केला. अप्पांनी तो बघितला आणि हात मागं बांधले.

‘‘माझं काय न्हाय हो बाई. पण दुकान हाय, गिऱ्हाईक हाय. करार संपला की बघा दुसरीकडं.’’

‘‘आमची काही चूक?’’

‘‘चूक न्हाय म्हणून तर इतके दिवस ठिवलं.’’

त्यांनी धाराशिवात खूप घरं पाहिली. खुर्च्यांचं सांगितलं की घर मिळायचं नाही, आणि न सांगता घर घ्यायला मावशी तयार नव्हत्या. शेवटी ख्रिस्ती मंडळीनं त्यांना परत जालन्याकडं बोलावलं.

सकाळी टेम्पो भरला. खुर्च्यांची चळत दोरीनं बांधून झाली, मुलगी पुढं जाऊन बसली. एवढ्यात नळाखालचा डबा तडतडला. डबा उचलायचा राहिला होता. मावशी टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून होत्या. त्यांनी पाय खाली घेतला.

पाळकसाहेब म्हणाले, ‘‘अगं, आता आपल्याला काय त्याचं?’’

त्या गेल्याच. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक दार. ‘‘नळ आलाय, भरून घ्या.’’ आक्कांच्या दाराकडं मी कान देऊन होतो. थाप खरंच जोरात होती. दार उघडलं. आक्कांनी भरलेल्या टेम्पोकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं.

‘‘कळलं,’’ आक्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मावशी परत आल्या त्या जवळजवळ धावतच. ‘‘बोलल्या,’’ मला म्हणाल्या. मग टेम्पोत बसल्या.

निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. फोन होता, पण फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

‘‘तीर्थस्वरूप मावशींस, साष्टांग नमस्कार.

मी पास झालो, पहिला वर्ग मिळाला. अर्थशास्त्रात सगळ्यात जास्त गुण आहेत. आता बी.एड.ला अर्ज केला आहे.

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा नळ आला तेव्हा मी गावी होतो. कुणीच कुणाचं दार वाजवलं नाही. वर्षभर सगळ्यांना तुमच्या वाजवण्याची सवय झाली होती. नळ येऊन गेला आणि गल्ली कोरडी राहिली. संध्याकाळी मी परतलो. आक्का पायरीवर बसून तुमच्या बंद दाराकडं बघत होत्या, एवढं मी पाहिलं. आता डबा मी पालथा ठेवतो आणि मीच वाजवत जातो.

अण्णा पेढे घेऊन आले होते. त्या दिवशी वरच्या खोलीत ते जे पाणी प्यायले ते कुणी भरलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी टिपाडाचं झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाले, ‘म्हंजे पिलोच की मी.’ मी म्हटलं, हो. जायला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘जालन्याला गाडी कवा असती?’

पुढच्या रविवारी येतोय. उपासना संपल्यावर, दुपारी. अण्णा ष्ट्यांडवर काही पिणार नाहीत असं दिसतंय. तांब्या भरून ठेवा.’’