नखाएवढी जागा

सिस्टर खरं तर रिटायर झाल्या होत्या. तीस वर्षं हॉस्पिटलात पट्ट्या बांधल्या, सोडल्या, टाके काढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवून निरोप दिला आणि तिसऱ्याच दिवशी घरात बसून बसून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. चौथ्या दिवशी त्या धाकट्या भावाच्या गॅरेजात हजर! भाऊ गाड्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणत. "गाड्यांवरच्या स्टिकरचा डिंक काढायचं काम मला दे," बहिणीने सांगून टाकलं. "माणसांच्या कातडीवरचा चिकटपट्टीचा काढलाय, पत्र्याचं काय घेऊन बसलास?"

पेंटरला बहिणीला नाही म्हणवेना, आणि हो म्हणायला तोंड उघडेना. "आठवडाभर बघू," तो म्हणाला. म्हणजे आठवड्याने घरी बस, हे न कळायला सिस्टर काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. गॅरेजात त्यांना ना कोपरा, ना खुंटी. कापूस, मऊ फडकी, तेलाची बाटली सगळं पिशवीत भरून सकाळी आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण पुन्हा घरात भिंतींकडे बघत बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

सहाव्या दिवशी एक लाल टॅक्सी आली. टॅक्सीवाल्याने जुनी कंपनी सोडली होती. चार वाजता नव्या कंपनीत गाडी दाखवायची होती आणि दारावर जुन्या कंपनीची खूणही चालणार नव्हती. या गृहस्थाने घरीच स्टिकर धरून खस्सकन ओढलं होतं. अर्धं फाटून हातात आलं, अर्धं दारावर राहिलं, आणि उघड्या पडलेल्या डिंकावर धूळ बसून दाराला अगदी दाढी फुटली होती.

"थिनरचा बोळा फिरव, दहा मिनिटांत काम फत्ते," पेंटर म्हणाला. "हे दार दोन वर्षांपूर्वी मीच रंगवलंय. काही होत नाही त्याला."

"आधी कडेला लावून बघते."

"ताई, ही गाडी आहे. पेशंट नाही!"

गप्प राहून आपलंच खरं करण्यात सिस्टरचा हातखंडा होता. भल्याभल्या डॉक्टरांनी त्याचा अनुभव घेतला होता. त्यांनी दार उघडलं आणि आतल्या कडेला, कुणाची नजर जात नाही तिथे, नखाएवढ्या जागेवर थिनरचा कापूस टेकवून उचलला. कापूस लालभडक झाला होता.

त्यांनी तो नेऊन भावाच्या नाकासमोर धरला. पेंटरचं तोंड एवढंसं झालं. रंगावर क्लिअरचा पारदर्शक थर द्यायचा असतो. तो असला की थिनर लावून पुसून घेतलं तरी खालचा रंग जागचा हलत नाही. दोन वर्षांपूर्वी घाईगर्दीत त्याने तो थर दिलाच नव्हता, नुसती पॉलिशने चकाकी आणली होती, आणि मग सगळं साफ विसरून गेला होता. बोळा फिरवला असता तर दाराचा रंगच पुसून आला असता.

"किती वाजले?" सिस्टरनी विचारलं.

"दीड," टॅक्सीवाला म्हणाला.

"बसा निवांत. साडेतीनला गाडी घेऊन जा."

त्यांनी गरम पाण्यात टॉवेल पिळला, मनगटावर टेकवून पाहिला आणि दाराला लावला. राहिलेलं स्टिकर मऊ पडल्यावर त्याचं टोक उचललं आणि आपल्याकडे न ओढता दाराला समांतर, मागे मागे नेत सोललं. मग साधं खायचं तेल फडक्यावर घेऊन डिंकावर दाबून ठेवलं आणि खुशाल स्टुलावर बसल्या. पेंटर येरझाऱ्या घालत होता.

"घासू का जरा?"

"हात मागे."

अर्ध्या तासाने बोटाखाली डिंकाच्या गोळ्या वळायला लागल्या. पुन्हा तेल, पुन्हा वाट. दर वेळी त्या फडकं उलटून बघत. मळ येत होता, लाल येत नव्हतं. सव्वातीनला त्यांनी शाम्पूच्या पाण्याने तेलाचा अंश धुऊन काढला. दार लख्ख!

टॅक्सीवाला किल्ली घ्यायला आला तेव्हा पेंटरने घसा साफ केला. "या दारावर क्लिअर द्यायचं मी चुकवलं होतं. सवडीने गाडी आणा, नीट करून देतो."

सिस्टरनी त्याला हे सांगायला सुचवलं नव्हतं. भावाचा त्यांना तेव्हा मनापासून अभिमान वाटला.

गाडी गेल्यावर पेंटरने पँट वर करून गुडघा पुढे केला. त्यावर जुना वण होता. "तू नऊ वर्षांची होतीस. माझी पट्टी अशीच खस्सकन ओढली होतीस. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? गल्ली डोक्यावर घेतली होतीस रडून. त्यानंतर मी कुणाची पट्टी कधी ओढली नाही."

पेंटर हातोडी घेऊन आला. उजेडाकडच्या भिंतीत त्याने खिळा ठोकला आणि बहिणीची पिशवी त्याला अडकवली.

"ही आता रोज घरी न्यायची नाही," तो म्हणाला.

सिस्टरना इतका आनंद झाला, की खिळा वाकडा बसलाय हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.